उप्सालातल्या घरांच्या किल्ल्या कुणाकडे?

१ जुलै २०१० रोजी स्वीडनमधली एक जुनी सक्ती संपली. तोवर तिथे विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येकाला विद्यार्थी संघाचं सभासद व्हावंच लागे. उप्साला आणि लुंड या दोन जुन्या विद्यापीठांत त्याच्या जोडीला एखाद्या ‘नेशन’चंही, म्हणजे प्रांताच्या नावाने चालणाऱ्या विद्यार्थी मंडळाचंही, सभासदत्व घ्यावं लागे. फ्रेड्रिक राइनफेल्ट यांच्या आघाडी सरकारने ही दोन्ही बंधनं काढून टाकली. ज्याला हवं त्याने यावं, नको त्याने बाहेर राहावं. उप्सालातल्या नेशन्सच्या पाठीशी हे बंधन सतराव्या शतकापासून उभं होतं. ते गेल्यावर या संस्थांचं काय होणार, ही काळजी अनेकांना वाटली आणि ती रास्त होती.

सक्ती गेली ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. पण त्याचबरोबर नेशन्सना विद्यापीठाच्या आयुष्यात आज जे खास स्थान आहे ते राहिलं पाहिजे, असंही मला ठामपणे वाटतं. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असं पुष्कळांना वाटतं. ज्यांना सक्ती हवी होती ते परंपरेकडे बोट दाखवायचे. ज्यांना ती नको होती त्यातले काही अजूनही म्हणतात, की मग या मंडळांना वेगळी वागणूक तरी कशाला? दोन्ही बाजू नेशनचं खरं बळ जिथे आहे तिथे पाहतच नाहीत.

नेशन म्हणजे इथे राष्ट्र नव्हे. एका प्रांतातून विद्यापीठाच्या गावी आलेल्या विद्यार्थ्यांचं ते मंडळ. उप्सालात अशी तेरा मंडळं आहेत: स्टॉकहोम, उपलांड, स्मोलांड, कालमार, योटेबॉर्य, गोटलांड, नोरलांड वगैरे. काहींची नावं जोडनावं आहेत, जसं वेस्टमानलांड-दाला किंवा सॉडरमानलांड-नेरिके. लुंडमध्येही तेराच आहेत. ही रीत स्वीडनने शोधलेली नाही. मध्ययुगात पॅरिसच्या विद्यापीठात फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्लिश अशा चार नेशन्स होत्या. परक्या गावात आलेल्या पोराला खोली, उधारी, आजारपणात पाणी देणारा कुणीतरी आणि भांडणात बाजू घेणारा आपला माणूस लागतो. त्या गरजेतून हे सगळं उभं राहिलं.

त्या काळातली एक हकिगत इथे सांगायलाच हवी. प्राग विद्यापीठातही चार नेशन्स होत्या आणि विद्यापीठाच्या कारभारात प्रत्येकीला मत होतं. १४०९ मध्ये राजा वेन्सेस्लास याने कुटना होरा इथून फर्मान काढलं, की बोहेमियन म्हणजे स्थानिक नेशनला तीन मतं आणि बाकी, मुख्यतः जर्मन, तिघींना मिळून एक. जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी प्राग सोडून निघाले आणि त्याच वर्षी लाइपझिगचं विद्यापीठ उभं राहिलं. जन्माच्या प्रांतावरून माणसं गोळा करायची आणि त्या गोळ्यांच्या हाती विद्यापीठाची सत्ता द्यायची, की काय होतं ते प्रागने दाखवलं.

उप्सालाची वाट वेगळी निघाली, आणि याचं श्रेय मी बरंचसं योगायोगाला देतो. विद्यापीठ १४७७ चं. आर्चबिशप याकोब उल्फसन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेलं. नेशन्स मात्र सतराव्या शतकात आल्या. जर्मन विद्यापीठांत शिकून परतलेल्या तरुणांनी ही रीत आणली, आणि तिच्याबरोबर नव्या मुलांना जुन्यांनी छळायची वाईट चालही. विद्यापीठाच्या वडीलधाऱ्यांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांनी आधी या मंडळांना विरोध केला, आणि तो टिकत नाही असं दिसल्यावर १६६३ मध्ये त्यांना नियमात बसवलं. प्रत्येक नेशनवर एक प्राध्यापक देखरेखीला नेमला. त्याला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. ते पद आजही आहे, पण आता विद्यार्थी स्वतः आपला इन्स्पेक्टर निवडतात आणि तो हुकूम सोडत नाही, सल्ला देतो. पहारेकरी म्हणून नेमलेला माणूस हळूहळू घरातला वडीलधारा झाला.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या प्रांतांची नावं या नेशन्सना आहेत, त्या प्रांतांचा सरकारी कारभार १६३४ मध्येच संपला होता. त्या वर्षीच्या राज्यघटनेने देशाची ‘लेन’ म्हणजे जिल्ह्यांत नवी वाटणी केली. म्हणजे उप्सालाच्या नेशन्स रुजत होत्या तेव्हा त्यांच्या नावाचा प्रांत कुणावर राज्य करत नव्हता. तो उरला होता बोलीत, पेहरावात, जेवणात आणि आठवणीत. ज्या नावाच्या मागे सत्ता नाही ते नाव परक्या माणसालाही सहज घेता येतं. आज उप्सालात कुणीही कुठल्याही नेशनचा सभासद होऊ शकतो. दक्षिणेतल्या मालमोची मुलगी उत्तरेतल्या नोरलांडची होते, इराणहून आलेला मुलगा कालमारचा होतो, आणि कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. काहीजण म्हणतात, प्रांताशी नातंच उरलं नाही तर ही जुनी नावं काढून टाका. मला हे पटत नाही. नाव जुनं आणि दार उघडं, यापेक्षा चांगली स्थिती एखाद्या परंपरेला क्वचितच लाभते.

आता आत काय चालतं ते पाहू, कारण माझं म्हणणं तिथेच आहे.

बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात त्या गोष्टी वेगळ्याच. तीस एप्रिलला, वालबोर्गच्या दिवशी, दुपारी तीन वाजता कारोलिना रेडिव्हिवा या ग्रंथालयापाशी हजारोंनी जमलेले लोक पांढऱ्या टोप्या हवेत हलवतात. ‘गास्क’ नावाची औपचारिक मेजवानी असते. तिच्यात लांब टेबलांवर बसून लोक जेवणाच्या मध्ये मध्ये गाणी म्हणतात, आणि भाषणांना, गाण्यांना, उठण्या-बसण्याला ठरलेला क्रम असतो. गायनमंडळं आहेत, वाद्यवृंद आहेत, नाटक आहे. हे सगळं सुंदर आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण गाणी आणि टोप्या जगातल्या पुष्कळ विद्यापीठांत आहेत. त्यांच्या जोरावर एखादी संस्था साडेतीन शतकं तगत नाही.

नेशनकडे घर असतं. भाड्याची खोली नव्हे, गावाच्या मध्यभागी आपल्या मालकीची इमारत. वेर्मलांड नेशनची वास्तू स्टॉकहोमचं नगरभवन बांधणाऱ्या राग्नार ओस्टबेर्य यांची आहे. वेस्टमानलांड-दालाची १९६५ ची वास्तू फिनलंडच्या आल्वार आल्टो यांची. या घरांत स्वयंपाकघर, पब, ग्रंथालय, अभ्यासाच्या खोल्या, सभागृह आणि कचेरी असते. आणि हे सगळं विद्यार्थी चालवतात. नेशनचा प्रमुख ‘कुरातोर’ हा विद्यार्थी असतो. काही काळ अभ्यास बाजूला ठेवून तो पूर्णवेळ हे काम करतो. त्याच्या जोडीला दुसरा आणि तिसरा कुरातोर असतात. कुणी हिशेब पाहतं, कुणी पब आणि भाड्याने दिलेलं सभागृह. खाली स्वयंपाकघर सांभाळणारे, ग्रंथालय उघडणारे, नव्यांचं स्वागत करणारे असे पदाधिकाऱ्यांचे थर असतात आणि त्यांच्या मागे एखाद्या संध्याकाळपुरते भांडी घासायला आलेले कितीतरी हात. सर्वोच्च निर्णय ‘लांडस्काप’ या सभासदांच्या सभेत होतात. अंदाजपत्रक तिथे मंजूर होतं आणि कुरातोरही तिथेच निवडला जातो.

बावीस-तेवीस वर्षांच्या माणसाच्या हाती शंभर वर्षं जुन्या इमारतीच्या किल्ल्या देणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. छत गळलं तर कंत्राटदार त्याने शोधायचा. अन्नाची तपासणी करायला पालिकेचा माणूस आला तर शीतकपाटाचं तापमान त्याने दाखवायचं. पबमध्ये कुणी जास्त प्यायलं तर त्याला बाहेर काढून, नीट घरी जाईल याची व्यवस्था त्यानेच करायची. पैसे कमी पडले तर सभेसमोर उभं राहून उत्तर द्यायचं. आणि मुदत संपली, की किल्ल्या पुढच्याच्या हातात ठेवून वर्गात परत जायचं. पद सोडावं लागतं, ही या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. कुणीही तिथे कायमचा पुढारी होत नाही, कारण कुणीही कायमचा विद्यार्थी राहत नाही.

जगभरच्या विद्यापीठांत आता विद्यार्थीजीवन ही सेवा झाली आहे. प्रशासनाचा एक विभाग ती पुरवतो, विद्यार्थी ती घेतो आणि शेवटी समाधानाचा अर्ज भरतो. त्यात स्वच्छता असते, सुरक्षितता असते. पण विद्यार्थ्याला काही करायला उरत नाही. नेशनमध्ये तो जेवतोही आणि रांधतोही. नेशन्सना खास स्थान का असावं, या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. नागरिक घडवण्याबद्दल विद्यापीठं खूप बोलतात. प्रत्यक्षात नागरिक घडतो तो दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब दुसऱ्यांसमोर देताना.

सक्तीच्या बाजूने जी बाजू मांडली जायची तिच्यात एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. प्रत्येकाला कुठल्या तरी नेशनमध्ये असावंच लागत असेल, तर प्रत्येकासाठी कुठल्या तरी नेशनमध्ये जागाही असावी लागते. १८७२ मध्ये गोटलांड बेटावरच्या विस्बी गावातून बेटी पेटरसन उप्सालाला आली. खोगिरं बनवणाऱ्या कारागिराची ही मुलगी स्वीडनमधली पहिली विद्यापीठीय विद्यार्थिनी. ती गोटलांड नेशनची सभासद झाली, १८७५ मध्ये पदवीधर झाली आणि पुढे स्टॉकहोमच्या मुलांच्या शाळेत शिकवू लागली. मंडळ निवडीने भरत असतं तर त्या पुरुषांच्या घरात तिला कुणी आपणहून बोलावलं असतं का, याची मला शंका आहे. तरीही नावनोंदणी झाली म्हणजे घर आपलं झालं असं नाही. उप्सालातल्या विद्यार्थिनींनी १८९२ मध्ये स्वतःची वेगळी संघटना काढली, ती काही हौसेने नाही. यादीत नाव होतं, पण मेजवानीच्या आणि सभेच्या खोलीतली जागा त्यांना पुढे कितीतरी वर्षं मिळवावी लागली.

सक्तीविरुद्धचं सगळ्यात मोठं कारण मात्र मला १९३९ मध्ये सापडतं. त्या वर्षी सतरा फेब्रुवारीला उप्सालाच्या विद्यार्थी संघाची सभा ‘बोलहुस’ या इमारतीत भरली. जर्मनीतून पळालेल्या दहा ज्यू डॉक्टरांना स्वीडनमध्ये येऊन काम करू द्यावं असा विचार तेव्हा सरकारदरबारी चालू होता. सभेने त्याविरुद्ध ठराव केला: ५४८ विरुद्ध ३४९. ही सभा नेशन्सची नव्हती, संघाची होती. पण माणसं तीच होती, आणि विद्यार्थ्यांच्या स्वयंशासनाचं कौतुक करणाऱ्याने हा आकडा झाकून ठेवू नये. स्वयंशासन म्हणजे शहाणपणाची हमी नाही. मला यात सर्वांत जास्त टोचतात ते उरलेले ३४९ जण, आणि सभेला न गेलेले. संघाचं सभासदत्व सक्तीचं होतं. म्हणून तो ठराव उप्सालाच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या नावाने जगापुढे गेला. ज्याला त्याची लाज वाटली त्याला राजीनामा देऊन बाहेर पडण्याची वाटही नव्हती. ज्या मंडळातून बाहेर पडता येत नाही त्याने कुणाच्याही वतीने बोलू नये. २०१० चा निर्णय योग्य होता असं मी म्हणतो ते यामुळे.

सक्ती गेल्यावर विद्यार्थी संघांची सभासदसंख्या देशभर घसरली. विद्यापीठाच्या समित्यांवर प्रतिनिधी पाठवणं हे संघाचं काम महत्त्वाचं आहे, पण ते सामान्य विद्यार्थ्याला दिसत नाही. नेशन्स त्या मानाने उभ्या राहिल्या. लुंडमध्ये संघ, नेशन्स आणि १८३० पासूनची अकादेमिस्का फोरेनिंग यांनी मिळून ‘स्टुडेंटलुंड’ नावाची एकत्र सभासदत्वाची योजना केली. तिथली स्मोलांड नेशन आपल्या डाव्या विचारांमुळे त्यापासून वेगळी राहिली. ते वेगळेपण मला आवडतं. ऐच्छिक व्यवस्थेत असं वेगळं राहता येतं, हाच तिचा अर्थ.

नेशन्स टिकल्या त्यात स्वस्त बिअरचा वाटा आहे, हे मान्य करायला हवं. सभासदत्वाचं कार्ड नसेल तर पबमध्ये शिरता येत नाही, आणि स्वीडनमध्ये बाहेर बसून पिणं विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. गावातले उपाहारगृहवाले तक्रार करतात, की नफ्यासाठी नसलेली संस्था म्हणून करात सवलत, बिनपगारी हात, वर शतकापूर्वीची इमारत. मग आमच्याशी ही स्पर्धा कसली? तक्रार खोटी नाही. नेशन जर शनिवारी रात्रीचा क्लब एवढीच उरली, तर तिची सवलत काढून घ्यावी असं मीही म्हणेन. पण त्याच पबच्या गल्ल्यातून ग्रंथालयाचं वीजबिल आणि गायनमंडळाची तालीम निघते, आणि गल्ल्यावर बसलेली मुलगी उद्या शरीरशास्त्राच्या परीक्षेला बसणार असते. सवलत या सगळ्याला मिळून आहे. म्हणून नेशन्सनी आपले हिशेब सभासदांपुरते न ठेवता गावासमोरही मांडावेत. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे दिसलं, तर तक्रारीची अर्धी धार जाईल.

दारूचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. गास्कमध्ये दारूशिवायचं आणि शाकाहारी ताट मागता येतं, ते स्वस्तही पडतं. तरी ज्या संस्थेचं चाक पबवर फिरतं तिथे न पिणारा माणूस पाहुण्यासारखा वावरतो. आपल्याकडून जाणाऱ्या मुलांना हे फार लवकर जाणवतं. २०११ च्या शरदापासून स्वीडनने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क लावलं. त्यामुळे पुण्या-मुंबईहून, नागपूरहून तिथे जाणारी मुलं आता कर्ज काढून, बहुतेक दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी जातात. वर्गात आठ-दहा जण, संध्याकाळी साडेतीनला अंधार, आणि कॉरिडॉरमधल्या सामायिक स्वयंपाकघरात फोडणी दिली की धुराचा इशारा वाजणार ही धास्ती. अशा मुलांसाठी नेशन ही मोठी सोय आहे. सहामाहीला काहीशे क्रोना वर्गणी, त्यात घर मिळवण्याची एक जादा रांग आणि माणसांत बसायला जागा. ज्यांना पब नको त्यांनी स्वयंपाकघरात किंवा ग्रंथालयात काम धरावं, असं मी आग्रहाने सांगेन. पाहुणेपण कामाने जातं.

पण इथेच नेशन्सनी स्वतःकडे पाहायला हवं. परदेशी विद्यार्थी भांडी घासतो, बटाटे सोलतो, गास्कला स्वीडिश गाणी कागदावर पाहून म्हणतो. लांडस्कापमध्ये मात्र तो दिसत नाही. सभेची भाषा, इतिवृत्त, अंदाजपत्रक हे मुख्यतः स्वीडिशमध्ये असतं. स्वीडनमधल्या संस्थेने स्वीडिश सोडावी असं मी म्हणणार नाही. मराठी माणसाने तरी म्हणू नये. पण अंदाजपत्रकाचा सारांश इंग्रजीत देणं आणि सभेत एका माणसाने शेजारी बसून भाषांतर सांगणं अवघड नाही. ज्या किल्ल्यांमुळे नेशनचं मोल आहे त्या एका भाषेच्या खिशात राहिल्या, तर दार उघडं असूनही घर बंदच.

जन्माचा प्रश्नही पूर्ण सुटलेला नाही. सभासदत्वातून तो गेला, पण शिष्यवृत्त्यांत राहिला. शतकानुशतकांच्या देणग्यांतून नेशन्सकडे निधी जमले आहेत आणि त्यातल्या काहींच्या अटी दात्याने मृत्युपत्रात लिहिल्या तशाच आहेत: विद्यार्थी अमुक प्रांतात जन्मलेला असावा, कधी अमुक तालुक्यातला. जन्मावरून मदत देणं नेहमीच चूक असतं असं मी मानत नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातिवार वसतिगृहांना आधार दिला. ज्या मुलांना जन्मामुळे कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, त्यांच्या डोक्यावर त्यामुळे छप्पर आलं. जन्म हीच आडकाठी असेल तर मदतीनेही जन्म पाहावा. दालार्ना प्रांतात जन्मलेल्या मुलापुढे आज अशी कुठली आडकाठी आहे? त्या प्रांताच्या नेशनमध्ये दोन वर्षं हिशेब सांभाळणारी, सोमालियातून निर्वासित होऊन आलेल्या आईबापांची मुलगी स्टॉकहोमच्या उपनगरात जन्मली म्हणून त्या निधीला हात लावू शकत नसेल, तर ते दात्याच्या इच्छेचा मान राखणं नव्हे. अठराव्या शतकातल्या दात्याला आपल्या गावाकडच्या गरीब पोराची सोय करायची होती, कारण गरीब पोर त्याला तिथेच दिसत होतं.

स्वीडनमध्ये अशा अटी बदलून घेण्याची कायदेशीर वाट आहे. अट काळाबाहेर गेली असं दाखवता आलं, तर ‘काम्मारकोलेगिएट’ या सरकारी कार्यालयाकडे अर्ज करता येतो. अर्ज निधीच्या विश्वस्तांनी करायचा असतो आणि कागद गोळा करण्याचं काम किचकट आहे. म्हणून दर वर्षी नवा कुरातोर येतो, फाइल पाहतो आणि पुढच्यासाठी ठेवून जातो. तेरा नेशन्सनी मिळून एक वकील नेमावा, जुने निधी एकेक करून तपासावेत आणि जन्माऐवजी गरज व नेशनसाठी केलेलं काम या कसोट्या मागून घ्याव्यात. त्यांच्या कुरातोरांची एकत्र बैठक नियमित भरतेच. पुढच्या बैठकीच्या कामकाजात हा विषय आता यायला हवा.